उष्णतेचा उपासक काउंट रम्फर्ड

इंग्लंडसारख्या थंड देशात हिवाळा म्हणजे मोठी परीक्षाच असते. दिवस आखूड, सूर्यदर्शन दुर्मिळ, बाहेर बर्फ आणि अंगाला झोंबणारे वारे. जुन्या काळी अशा दिवसांत घरातील लहानथोर मंडळी शेगडीपाशी गोळा होत. ही शेगडी आपल्याकडील लोखंडी शेगडीसारखी उचलून इकडून तिकडे नेण्याजोगी नसे. दिवाणखान्याच्या भिंतीत एक मोठा कोनाडा करीत, त्यात लाकडे किंवा दगडी कोळसा पेटवीत आणि धूर निघून जाण्यासाठी त्या कोनाड्याच्या वर भिंतीतूनच छपरापर्यंत उंच धुराडे बांधीत. इंग्रजीत या शेगडीला ‘फायरप्लेस’ असे म्हणतात.

ही भिंतीतील शेगडी काही एका दिवसात निर्माण झाली नाही. फार पूर्वी युरोपातील घरांत विस्तव घराच्या मध्यभागी जमिनीवरच पेटविला जाई आणि धूर छपरातील भोकातून वाट काढी. त्यामुळे घर उबदार राही, पण राहणाऱ्यांचे डोळे सदा चुरचुरत. पुढे किल्ल्यांच्या जाड भिंतींतून धुराडी बांधण्याची युक्ती निघाली, आणि सोळाव्या शतकात ती सामान्य लोकांच्या घरांतही पसरू लागली. १६६२ साली तर इंग्लंडच्या सरकारने प्रत्येक शेगडीमागे वर्षाला दोन शिलिंगांचा कर बसविला. लोकांना तो अत्यंत अप्रिय झाला व १६८९ मध्ये रद्द करावा लागला.

भिंतीतील शेगडीने घरातला धूर गेला खरा, परंतु धुराबरोबर घरातली ऊबही निघून गेली! शेगडीत गाडीभर लाकडे जाळली तरी खोली म्हणावी तशी तापत नसे. शेगडीसमोर बसणाऱ्याचे तोंड भाजून निघे आणि पाठ मात्र गारठलेली राही. शेकडो वर्षे लोकांनी ही गोष्ट निमूटपणे सोसली. असे का होते, हा प्रश्न विचारून त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करणाऱ्या थोड्या लोकांत ज्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल, तो पुरुष म्हणजे काउंट रम्फर्ड होय.

रम्फर्डचे मूळ नाव बेंजामिन टॉम्सन. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात बोस्टन शहरापासून सुमारे दहा मैलांवर वोबर्न नावाचे गाव आहे. तेथे एका शेतकऱ्याच्या घरी २६ मार्च १७५३ रोजी त्याचा जन्म झाला. त्या वेळी अमेरिकेतील या वसाहतींवर इंग्लंडच्या राजाची सत्ता होती. बेंजामिन दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच त्याचे वडील वारले. आईने पुढे दुसरा विवाह केला.

लहानपणापासून या मुलाला यंत्रे, चित्रे आणि आकडेमोड यांचा विलक्षण नाद होता. तेराव्या वर्षी त्याला सेलम या बंदराच्या गावी एका व्यापाऱ्याच्या दुकानात उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. परंतु गल्ल्यावर बसलेल्या या मुलाचे चित्त भलतीकडेच असे. एकदा सार्वजनिक आनंदोत्सवासाठी तो शोभेची दारू तयार करीत होता. घटक द्रव्ये कुटता कुटता त्यांचा भडका उडाला आणि तो चांगलाच भाजला. तरी त्याची जिज्ञासा काही भाजून निघाली नाही. पुढे एका मित्राबरोबर तो कित्येक मैल पायी चालत केंब्रिज गावी जाई आणि तेथील हार्वर्ड महाविद्यालयात पदार्थविज्ञानावरील व्याख्याने ऐके. विधिवत महाविद्यालयीन शिक्षण त्याला लाभले नाही. जे काही शिकला, ते त्याने असे वणवण करून मिळविले.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो न्यू हॅम्पशर प्रांतातील कॉन्कर्ड या गावी शिक्षक झाला. या गावाचे जुने नाव रम्फर्ड असे होते. तेथे १७७२ साली त्याचा एका धनिक विधवेशी विवाह झाला. ती त्याच्याहून बरीच मोठी होती. दोन वर्षांनी त्यांना सॅरा नावाची कन्या झाली. गरीब शेतकऱ्याचा मुलगा एकाएकी गावातील प्रतिष्ठित गृहस्थ बनला. प्रांताच्या गव्हर्नरने त्याला स्थानिक सैन्यात मेजरचे पदही दिले.

परंतु हे वैभव फार काळ टिकावयाचे नव्हते. अमेरिकेत स्वातंत्र्याचे वारे वाहू लागले होते. टॉम्सनचा ओढा राजसत्तेकडे आहे, हे लोकांना कळून चुकले आणि १७७४ च्या अखेरीस संतप्त जमाव त्याच्या घरावर चालून आला. त्याआधीच तो पत्नीला व तान्ह्या मुलीला मागे ठेवून गावातून निसटला होता. लोकांचा संशय निराधारही नव्हता. त्याने इंग्रज सेनापतीला अदृश्य शाईने लिहून गुप्त बातम्या पुरविल्या होत्या, हे जुन्या कागदपत्रांवरून पुढे उघडकीस आले. १७७६ साली तो जहाजाने इंग्लंडला निघून गेला. पत्नीची व त्याची पुन्हा कधी भेट झाली नाही. १७९२ मध्ये ती वारली. थोर पुरुषांच्या चरित्रांतही काही पाने काळवंडलेली असतात. टॉम्सनच्या चरित्रातील हे पान त्यांपैकीच एक होय.

लंडनमध्ये त्याच्या बुद्धीचे चीज झाले. वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्याच्या कचेरीत त्याने झपाट्याने वरच्या जागा मिळविल्या. कचेरीचे काम संपले की तो प्रयोगांकडे वळे. तोफांच्या दारूची शक्ती कशी मोजावी, याविषयी त्याने केलेल्या प्रयोगांमुळे विद्वानांचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले, आणि १७७९ साली रॉयल सोसायटी या नामांकित संस्थेने त्याला आपला सभासद करून घेतले. १७८४ मध्ये इंग्लंडच्या राजाने त्याला ‘सर’ ही पदवी दिली. त्याच वर्षी तो जर्मनीतील बव्हेरिया या राज्याच्या राजाकडे नोकरीस गेला. म्युनिक ही त्या राज्याची राजधानी. तेथे त्याने सुमारे अकरा वर्षे काढली.

बव्हेरियाच्या सैन्याची स्थिती त्या वेळी फार हलाखीची होती. शिपायांना पुरेसे अन्न नव्हते, धड वस्त्रे नव्हती. कोणते कापड अधिक उबदार आणि ते का, हे शोधण्यासाठी टॉम्सनने लोकर, कापूस, रेशीम, पिसे, कातडी असे नाना पदार्थ तपासले. त्यातून त्याला एक मजेदार गोष्ट उमगली. ऊब राखण्याचे काम लोकर स्वतः करीत नाही. तिच्या तंतूंमध्ये अडकून पडलेली हवा ते काम करते. अडकलेली हवा हलत नाही, म्हणून अंगातील उष्णता बाहेर वाहून नेली जात नाही. या संशोधनाबद्दल १७९२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला आपले मानाचे कॉप्ली पदक दिले.

त्या काळी म्युनिक शहरात भिकाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. रस्त्यावर चालणे कठीण व्हावे, इतके ते लोकांच्या मागे लागत. काही जण तर लोकांची दया यावी म्हणून लहान मुलांचे हाल करीत. टॉम्सनने प्रथम शहराबाहेरील एक मोठी इमारत दुरुस्त करून घेतली. तेथे स्वच्छ खोल्या, सूत कातण्याची साधने, स्वयंपाकघर अशी सर्व सिद्धता केली. मग १ जानेवारी १७९० या दिवशी सैनिकांच्या तुकड्या रस्तोरस्ती उभ्या करून त्याने भिकाऱ्यांना एकत्र आणविले. आठवडाभरात अडीच हजारांहून अधिक भिकाऱ्यांची नोंद झाली. त्यांना तुरुंगात न टाकता या उद्योगगृहात काम, वेतन व गरम जेवण देण्यात आले. तेथे ते सैन्याच्या कपड्यांसाठी सूत कातू लागले.

दुर्गुणी माणसाला आधी सद्गुणी बनवावे आणि मग तो सुखी होईल, असे लोक समजत. टॉम्सनने हा क्रम उलटा केला. आधी माणसाला सुखी करून पाहावे, म्हणजे त्याच्यातील सद्गुण आपोआप वर येतील, असे त्याचे मत होते. उद्योगगृहातील लहान मुलांच्या बाबतीत त्याने एक नामी युक्ती योजली. नव्या मुलांना तो कामाला जुंपत नसे. दालनाच्या कडेला त्यांना बाकांवर नुसते बसवून ठेवी, आणि समोर काम करणाऱ्या मुलांकडे पाहत राहण्याबद्दल त्यांना वेतन देई! थोड्याच दिवसांत ही मुले कंटाळत आणि आम्हांलाही काम द्या, असा हट्ट धरून बसत. आज लहान मुलांना कामाला लावणे कोणी योग्य मानणार नाही. परंतु ज्या मुलांच्या वाट्याला केवळ भीक आणि मार आला होता, त्यांना येथे अन्न, ऊब आणि रोज काही वेळ शाळाही मिळत होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

हजारभर माणसांना रोज जेवू घालणे म्हणजे सोपी गोष्ट नव्हे. टॉम्सनने जव, वाटाणे, बटाटे व शिळा पाव यांचे एक पौष्टिक आणि स्वस्त सार तयार करविले. ते त्याच्या नावाने युरोपभर प्रसिद्ध झाले. परंतु अन्नापेक्षाही सरपणाचा खर्च त्याच्या डोळ्यांत अधिक सलला. उघड्या चुलीवर अन्न शिजवताना उष्णतेच्या आठ भागांपैकी सात भाग धुराबरोबर आकाशात निघून जातात, असा त्याचा हिशोब होता. म्हणून त्याने विटांचे बंदिस्त चुलाण बांधविले. प्रत्येक भांड्याखाली लहानसा निराळा जाळ, वाऱ्याचे प्रमाण कमीजास्त करण्यासाठी झडप, आणि उष्णता भांड्याला चाटूनच बाहेर पडेल अशी वाट, ही त्या रचनेची वैशिष्ट्ये होती. बव्हेरियाच्या राजाने त्याच्या सेवेवर प्रसन्न होऊन त्याला ‘काउंट’ हा किताब दिला. किताबासाठी नाव निवडताना त्याने ज्या गावी आपला उत्कर्ष झाला, त्या गावाचे जुने नाव घेतले. तेव्हापासून बेंजामिन टॉम्सन हा काउंट रम्फर्ड झाला.

१७९५ साली रम्फर्ड लंडनला परत आला. शहरावर धुराचे काळेकुट्ट छत पसरलेले त्याने पाहिले. इतर लोक तो धूर पाहून नाक मुरडीत. रम्फर्डला मात्र त्यात वाया गेलेला कोळसा दिसला. धूर म्हणजे पुरता न जळलेले इंधनच होय, हे तो जाणून होता. तो घरोघरी जाऊन शेगड्या पाहू लागला. श्रीमंतांच्या वाड्यांतील शेगड्या इतक्या मोठ्या होत्या की, त्यांत माणूस सहज उभा राहावा. त्यांच्या वरचे धुराडेही तसेच ऐसपैस. विस्तव दूर मागच्या भिंतीशी जळत असे आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती सरळ काटकोनात उभ्या असत.

रम्फर्डने प्रश्नाचे मूळ शोधले. विस्तवातील उष्णता दोन मार्गांनी बाहेर पडते. एक भाग प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत चोहोकडे फेकला जातो. उन्हात उभे राहिले असता जी ऊब लागते, ती याच प्रकारची. दुसरा भाग तापलेल्या हवेबरोबर व धुराबरोबर वर जातो. भिंतीतील शेगडीत हा दुसरा भाग सगळाच धुराड्यातून निसटतो. एवढेच नव्हे, तर रुंद धुराडे खोलीतील गरम हवाही भसाभस ओढून घेते, आणि तिची जागा भरून काढण्यासाठी दारेखिडक्यांच्या फटींतून बाहेरची थंडगार हवा आत शिरते. पाठ गारठण्याचे कारण ते हेच. जितका मोठा जाळ, तितका वाऱ्याचा ओढा अधिक! मग खोली तापावी कशी?

यावर रम्फर्डने जो उपाय काढला, तो अगदी साधा होता. सरळ रेषेत फेकली जाणारी उष्णता जास्तीत जास्त खोलीत यावी आणि धुराड्यातून कमीत कमी हवा जावी, एवढेच त्याने पाहिले. त्यासाठी त्याने शेगडीची खोली कमी करून विस्तव पुढे आणला. बाजूच्या भिंती काटकोनात न ठेवता तिरप्या केल्या. मागच्या भिंतीशी त्यांनी १३५ अंशांचा कोन करावा, असे त्याने ठरविले. त्यामुळे पूर्वी त्या भिंती एकमेकींकडेच उष्णता फेकीत, त्या आता खोलीकडे फेकू लागल्या. मागच्या भिंतीची रुंदी शेगडीच्या पुढील तोंडाच्या सुमारे एक तृतीयांश ठेवली. या भिंतींना लोखंडी पत्रे न लावता विटा किंवा दगड वापरावेत आणि त्यांना पांढरा चुना द्यावा, असा त्याचा आग्रह होता. कारण लोखंड उष्णता झटकन शोषून मागे वाहून नेते. पांढरी भिंत मात्र ती परत फेकते, असे त्याचे मत होते.

सर्वांत महत्त्वाची सुधारणा धुराड्याच्या गळ्यात होती. विस्तवाच्या बरोबर वर जेथे धुराडे सुरू होते, तेथील वाट त्याने अवघी चार इंच रुंद ठेवली. त्याच्या पुढच्या बाजूची धार गोलसर केली, म्हणजे धूर अडखळत नाही. लोकांना वाटले, एवढ्याशा फटीतून धूर जाणार कसा? तो खोलीतच कोंडेल! परंतु घडले उलटेच. नदीचे पात्र अरुंद झाले की पाण्याचा वेग वाढतो, त्याप्रमाणे अरुंद गळ्यातून धूर वेगाने वर जाऊ लागला आणि ज्या खोल्यांत वर्षानुवर्षे धूर मागे फिरत असे, त्या स्वच्छ झाल्या.

एक अडचण मात्र उरली होती. त्या काळी धुराड्यातील काजळी साफ करण्यासाठी गरीब घरची लहान मुले धुराड्यात चढत. सहासात वर्षांची ही पोरे कोपर व गुडघे टेकीत त्या काळ्या भुयारातून वर सरकत. कित्येकांचे हातपाय सोलवटून जात, कित्येकांना आजार जडत, तर काही जण आतच अडकून गुदमरत. गळा अरुंद केल्यावर झाडणारा वर कसा जाणार, हा प्रश्न रम्फर्डपुढे आला. त्याने गळ्याच्या मागील बाजूस एक दगडी फरशी सुटी ठेवण्याची सोय केली. झाडण्याच्या वेळी ती काढावी व काम होताच पुन्हा बसवावी. सोय चोख होती, परंतु तिच्यामुळे त्या मुलांची सुटका झाली नाही. मुलांना धुराड्यात चढविण्याची ही क्रूर चाल इंग्लंडमध्ये पुरती बंद होण्यास १८७५ चा कायदा यावा लागला. घर उबदार करणे शास्त्राला साधते, परंतु ती ऊब कोणाच्या कष्टांवर उभी आहे हे समाजाला स्वतःच पाहावे लागते, हा धडा येथे मिळतो.

रम्फर्डच्या शेगडीसाठी महागडे यंत्र लागत नसे. थोड्या विटा, थोडा चुना आणि एक समजूतदार गवंडी एवढ्यावर जुनी शेगडी नवी होई. त्याने गवंड्यांना स्वतः उभे राहून काम शिकविले आणि थोड्याच महिन्यांत लंडनमधील शेकडो शेगड्या बदलून दिल्या. पूर्वीच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी इंधनात खोली अधिक उबदार राहते, असा त्याचा दावा होता. १७९६ साली त्याने या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात मापे, आकृत्या, गवंड्यांसाठी सूचना, सर्व काही होते. कोणीही वाचावे व आपली शेगडी सुधारून घ्यावी! या शोधाचे पेटंट त्याने घेतले नाही. ते घेतले असते, तर तो अपार धन मिळविता. त्याच्या आधी अर्धशतक अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलीन यानेही लोखंडी शेगडी शोधून काढली होती आणि तिचे पेटंट नाकारले होते. योगायोगाने दोघांचा जन्म त्याच प्रांतातला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नावर दोघे परस्परविरुद्ध बाजूंना उभे राहिले, परंतु ज्ञान सर्वांसाठी खुले असावे, याविषयी दोघांचे एकमत होते.

रम्फर्डच्या शेगड्यांचे इंग्लंडमध्ये जणू वेडच पसरले. जेन ऑस्टिन या विख्यात लेखिकेच्या एका कादंबरीतही तिचा उल्लेख आला आहे. १८०० साली एका व्यंगचित्रकाराने शेगडीकडे पाठ करून शेकत उभ्या असलेल्या रम्फर्डचे चित्र काढून त्याची थट्टा केली. एखाद्याची थट्टा घरोघर पोहोचते, यावरूनच त्याची कीर्ती किती दूरवर पसरली होती, हे कळून येते.

१७९६ साली रम्फर्डची कन्या सॅरा अमेरिकेहून त्याला भेटावयास आली. ज्या मुलीला त्याने तान्ही असताना सोडले होते, ती आता एकवीस वर्षांची झाली होती. तिला घेऊन तो पुन्हा म्युनिकला गेला. तेथे तोफांच्या कारखान्यात त्याचे लक्ष एका नित्याच्या गोष्टीकडे गेले. भरीव पितळी तोफेला भोक पाडताना ती अतिशय तापते. ही उष्णता कोठून येते? त्या काळचे शास्त्रज्ञ समजत की, उष्णता हा एक अदृश्य, वजनरहित द्रव असून तो पदार्थांत भरलेला असतो. रम्फर्डने एक बोथट पाते घेतले, तोफेचा तुकडा पाण्याने भरलेल्या पेटीत ठेवला आणि घोड्यांच्या साहाय्याने तो फिरविला. पेटीत सुमारे साडेआठ किलो थंड पाणी होते. हळूहळू ते कोमट झाले, मग कढत झाले, आणि अडीच तासांनी विस्तवाशिवाय खळखळ उकळू लागले! पाहणारे थक्क झाले. घासणे जोवर चालू राहते, तोवर उष्णता निघतच राहते. ती संपत नाही. जी वस्तू अशी अखंड निर्माण होते, ती पदार्थात साठविलेला द्रव असूच शकत नाही, ती एक प्रकारची गती असली पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. १७९८ मध्ये हा निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. पुष्कळांना तो पटला नाही. पुढे १८४० नंतर जेम्स जूल या शास्त्रज्ञाने बारकाईची मोजमापे करून या विचारास भक्कम पाया दिला.

१७९९ साली रम्फर्डच्या पुढाकाराने लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन ही संस्था स्थापन झाली. शास्त्रातील नवे ज्ञान कारागिरांपर्यंत व सामान्य लोकांपर्यंत पोहोचावे, हा तिचा हेतू होता. तेथे हंफ्री डेव्ही या तरुण रसायनशास्त्रज्ञाची १८०१ मध्ये नेमणूक झाली. पुढे त्याच डेव्हीच्या हाताखाली मायकेल फॅरडे याने काम केले, आणि याच संस्थेत विजेसंबंधीचे युगप्रवर्तक शोध लागले.

आयुष्याच्या उत्तरार्धात रम्फर्ड पॅरिसला जाऊन राहिला. १८०५ मध्ये त्याने मारी लाव्हाझ्ये हिच्याशी विवाह केला. तिचा पहिला पती म्हणजे थोर रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझ्ये. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९४ साली त्याचा शिरच्छेद करण्यात आला होता. उष्णता हा एक द्रव आहे, या मताचा लाव्हाझ्ये हा मोठा पुरस्कर्ता होता, हाही एक विलक्षण योग! परंतु हा संसार सुखाचा झाला नाही. तिला पाहुण्यांचा गोतावळा हवा असे, तर त्याला बाग आणि प्रयोगशाळा यांची शांतता. एकदा त्याने तिच्या पाहुण्यांना फाटकातून आत येऊ दिले नाही, तेव्हा तिने संतापून त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले! १८०९ मध्ये दोघे विभक्त झाले. घरोघरच्या शेगड्या ज्याने उबदार केल्या, त्याला स्वतःच्या घराची ऊब कधी फारशी लाभली नाही.

अखेरची वर्षे त्याने पॅरिसजवळील ओतय या गावी प्रयोगांत घालविली. पांढऱ्या पृष्ठभागातून उष्णता कमी प्रमाणात बाहेर पडते, असे त्याचे मत झाले होते. म्हणून भर हिवाळ्यात तो पांढरी टोपी व पांढरा अंगरखा घालून फिरे. लोक हसत, पण त्याची पर्वा तो करीत नसे. २१ ऑगस्ट १८१४ रोजी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. हार्वर्ड महाविद्यालयाच्या दाराशी तो कोणे एके काळी पायी चालत गेला होता. त्याच महाविद्यालयात उपयुक्त शास्त्रांच्या अध्यापनासाठी त्याने आपल्या संपत्तीतील मोठा वाटा ठेवला. उष्णता व प्रकाश यांवरील संशोधनासाठी रॉयल सोसायटीला त्याने पूर्वीच देणगी दिली होती. त्यातून त्याच्या नावाचे पदक आजही दिले जाते.

रम्फर्डच्या शेगडीने सर्व प्रश्न सुटले, असे मात्र नाही. उघड्या शेगडीतून, ती कितीही चांगली बांधली तरी, बरीचशी उष्णता धुराड्यातून जातेच. बंदिस्त शेगडी याबाबतीत पुष्कळ सरस ठरते. कोळशाच्या धुराचा प्रश्न तर वाढतच गेला. डिसेंबर १९५२ मध्ये लंडन शहर दाट धुरक्याने वेढले गेले आणि त्यात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा कोठे १९५६ साली धुराला आळा घालणारा कायदा झाला. दीडशे वर्षांपूर्वी रम्फर्डने शहरावरील ज्या काळ्या छताकडे बोट दाखविले होते, त्याची किंमत लोकांना अशी उशिरा कळली.

रम्फर्ड हा निर्दोष पुरुष नव्हता. तो गर्विष्ठ होता, महत्त्वाकांक्षी होता. ज्यांच्याशी त्याची नाळ जुळलेली होती, अशा माणसांना त्याने दुखविले. तरीही त्याच्या बुद्धीची दिशा निराळी होती. राजवाड्यात वावरणाऱ्या या माणसाने आपली प्रतिभा खर्च केली ती चूल, सार, कपडे आणि शेगडी यांवर. अशा क्षुद्र वाटणाऱ्या गोष्टींत काय शोधावयाचे, असे पुष्कळ विद्वानांना वाटे. परंतु गरिबाच्या घरात रोज वाचणारी मूठभर लाकडे ही क्षुद्र गोष्ट नव्हे, हे रम्फर्डने ओळखले. विस्तव तर हजारो वर्षे सर्वांच्याच समोर जळत होता. त्याच्याकडे पाहून प्रश्न विचारणारे डोळे फार थोड्यांना लाभले, आणि रम्फर्ड त्या थोड्यांपैकी एक होता.